अर्थ कोणी लावायचा?

तीन डिसेंबर ही तारीख जळगावात दोन कारणांनी पाळली जाते. १९५१ साली ह्याच दिवशी बहिणाबाई चौधरी गेल्या. आणि १९९२पासून संयुक्त राष्ट्रसंघाने हाच दिवस अपंगांचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून ठरवून दिला. एका सभागृहात बहिणाबाईंच्या जीवनतत्त्वज्ञानावर व्याख्यान होते. दुसऱ्यात तीनचाकी सायकली वाटल्या जातात, शाल-श्रीफळ होते, आणि ‘जिद्द’ हा शब्द दर पाच मिनिटांनी कानी पडतो. ह्या दोन सभागृहांना जोडणारा एक माणूस आहे, आणि त्याचे नाव दोन्हीकडे कोणी घेत नाही. तो म्हणजे ओंकार, बहिणाबाईंचा मुलगा. प्लेगने त्याला कायमचे अपंगत्व आले. अकाली वैधव्य, पदरी तीन मुले, त्यांतला एक अपंग, आणि शेतीचे न संपणारे काम, अशा आयुष्यातून ती गाणी आली. ती सोपानदेव आणि पितांबर चौधरी ह्यांनी उतरवून घेतली, अत्र्यांनी १९५२ साली प्रकाशात आणली, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. ओंकारच्या वाट्याला आमच्या टिपणात अर्धे वाक्य येते. तेही ‘अशा खडतर परिस्थितीत’ ह्या शब्दांच्या आधारासाठी.

हे आज आठवण्याचे कारण साहित्याबाहेरचे आहे. अपंग स्त्रियांच्या भावनिक स्वास्थ्यासाठी ‘अर्थकेंद्री समूहोपचार’ नावाची एक पद्धत मानसशास्त्र आणि समाजकार्य ह्या विषयांच्या अभ्यासकांत अलीकडे बरीच चर्चिली जाते. आठ-दहा स्त्रियांचा गट, ठरावीक बैठका, प्रत्येक बैठकीला एक विषय, आणि सर्वांचा हेतू एकच: ‘माझ्या जगण्याला अर्थ आहे’ असे तिला वाटू लागावे. आम्ही मानसोपचारतज्ज्ञ नाही. पण ‘अर्थ’ हा शब्द आमच्या धंद्यातला आहे. अर्थ लावणे म्हणजे काय, तो कोण लावतो, कोणाच्या वतीने लावतो, आणि लावताना मूळ मजकुराचे काय होते, ह्या प्रश्नांवर तर आमचे पगार चालतात. तेव्हा ह्या विषयात तोंड घालण्याचा अधिकार आम्हांला आहे, असे आम्ही समजतो.

प्रथम ही पद्धत कोठून आली ते पाहू. तिचे मूळ व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल (१९०५–१९९७) ह्यांच्या विचारात आहे. नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत बाहेर पडलेल्या ह्या माणसाचे १९४६ साली निघालेले पुस्तक जगभर वाचले गेले. माणूस निर्मितीतून, अनुभवातून आणि अटळ दुःखाकडे पाहण्याच्या वृत्तीतून अर्थ मिळवतो, असे त्यांचे सांगणे. पुढे न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात विल्यम ब्राइटबार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या विचाराला आठ बैठकांचा आराखडा दिला. तो बळावलेला कर्करोग असलेल्या रुग्णांसाठी होता. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत २५३ रुग्ण होते, आणि केवळ परस्परांना धीर देणाऱ्या गटांपेक्षा ह्या गटांतल्या रुग्णांची निराशा अधिक कमी झाली, असे तीत दिसून आले. हे काम गंभीर आहे. त्याची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही.

आमचे भांडण पुढच्या पायरीशी आहे. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या माणसासाठी रचलेला आराखडा पायाने अधू असलेल्या, पण अजून चाळीस वर्षे जगणार असलेल्या बाईला जसाच्या तसा लावला, की तिचे अपंगत्व हाही एक असाध्य रोग ठरतो. आणि त्यावर करण्यासारखे उरते ते फक्त वृत्ती बदलणे. इथे फ्रँकल वाचणारे लोक फ्रँकल ह्यांचेच एक महत्त्वाचे म्हणणे गाळतात. दुःख टाळता येण्याजोगे असेल तर त्याचे कारण दूर करणे हीच अर्थपूर्ण कृती, विनाकारण सोसण्यात वीरता नाही, असे त्यांनी स्पष्ट बजावले आहे. वृत्तीतून अर्थ मिळवण्याचा प्रश्न फक्त अटळ दुःखापुरता येतो. म्हणून अपंग स्त्रियांच्या गटाची पहिली बैठक ‘अर्थ म्हणजे काय’ ह्या विषयावर होऊच शकत नाही. ती निवडण्याची बैठक असली पाहिजे. खळ्यावरून आलेले धान्य सुपात घेऊन बाया जसे निवडतात, खडा वेगळा, दाणा वेगळा, तसे टाळता येणारे दुःख एकीकडे आणि न टळणारे दुसरीकडे. आणि हे सूप त्या बायांच्याच हातात असले पाहिजे. समुपदेशकाच्या हाती नव्हे.

निवडायला बसलेच, तर धुळे-जळगावच्या सुपात काय काय निघेल? पोलिओने बारीक झालेला पाय परत भरणार नाही. हे न टळणारे. मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५च्या वर जातो, तेव्हा कॅलिपरच्या चामडी पट्ट्यांखाली कातडी सोलते. ह्यातले ऊन न टळणारे, पट्टा मात्र टळण्याजोगा. एस.टी.ची उंच पायरी टळण्याजोगी. साक्रीहून किंवा चोपड्याहून प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी घालावे लागणारे हेलपाटे टळण्याजोगे. शौचालयाला लागू नये म्हणून बाहेर निघायच्या दिवशी सकाळपासून पाणी न पिणे हे टळण्याजोगे, आणि खानदेशच्या उन्हात जिवावर बेतणारे. मळणी यंत्रात पदर अडकून हात गेला, तर गेलेला हात परत येणार नाही. पण त्यानंतर ‘आता हिचा काय उपयोग’ हे घरातले वाक्य? ते कोणत्या ढिगात घालायचे? आम्ही सांगणार नाही. तिने सांगावे.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर पहिला ढीग फार मोठा आहे. २०१६चा अपंग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. त्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, त्यांत सातपुड्याच्या पट्ट्यात आढळणारा सिकलसेलही आला. सार्वजनिक इमारती आणि वाहने सर्वांना वापरता येतील अशी करणे हे त्या कायद्याने उपकार म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून सांगितले आहे. आठ बैठकांत बाईची वृत्ती सुधारली आणि इमारतीची पायरी तशीच राहिली, तर त्या उपचाराने कायदा मोडणाऱ्याची सोय केली, असेच म्हणावे लागते.

(‘दिव्यांग’ हा शब्द आम्ही इथे वापरत नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. डिसेंबर २०१५मध्ये पंतप्रधानांनी तो सुचवला, अपंगांच्या अनेक संघटनांनी त्याला विरोध केला, तरी तो शासनाच्या दारावर लागला. आमची तक्रार त्यातल्या ‘दिव्या’शी आहे. ज्याला दिव्य ठरवले त्याला जिना चढता येत नाही हे सांगायची लाज वाटू लागते.)

आता साहित्याच्या मंडळींकडे वळू, म्हणजे स्वतःकडे. कारण अपंग स्त्रीला परस्पर अर्थ बहाल करण्याची सवय मानसोपचाराने लावलेली नाही. ती आमच्या घरची आहे. मंथरेचे कुबड म्हणजे तिच्या मनाचा वाकडेपणा. कुब्जेचे कुबड म्हणजे भक्तीची वाट पाहणारे शरीर. श्रीकृष्णाने पाय दाबून, हनुवटी उचलून तिला सरळ केले की तिच्या जन्माचे सार्थक झाले. आमच्या कथा-कादंबऱ्यांतली लंगडी बहीण तर बहुधा नायकाच्या त्यागाचे माप दाखवण्यासाठीच जन्माला येते. डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर ह्या दोन अभ्यासकांनी २००० साली आपल्या ग्रंथाला ‘नॅरेटिव्ह प्रोस्थेसिस’ असे नाव दिले. कथा स्वतःच्या पायांवर उभी राहत नाही तेव्हा ती अपंग पात्राची कुबडी घेते, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. कुबडी अपंगाची नसून कथेची असते, हे आम्हांला त्या पुस्तकाने शिकवले. मग मराठीत त्याच्या उलट काही नाही का? आहे. इंदिरा संतांची ‘कुब्जा’ आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो, पण शिकवताना हे सांगत नाही की त्या कवितेत कोणीही कुब्जेला सरळ करत नाही. गोकुळ झोपलेले, राधाही झोपलेली, आणि मुरली ऐकायला जागी आहे ती कुब्जा. ते सूर आपल्यासाठी आहेत हे ती स्वतः ठरवते, आहे त्या अंगाने, कोणाची परवानगी न घेता. अर्थ लावण्याची क्रिया तिच्याकडे आहे. प्रश्नपत्रिकेत मात्र आम्ही ‘कुब्जेच्या रूपातून उत्कट भक्तीचे दर्शन’ असेच विचारतो.

एक कबुली देणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एम.ए.च्या वर्गात कुबड्या घेऊन चालणारी एक विद्यार्थिनी होती. वर्ग पहिल्या मजल्यावर. ती रोज बावीस पायऱ्या चढून येई, आणि पहिल्या तासाला दहा मिनिटे उशीर होई. आम्ही तिला कधी रागावलो नाही. त्याचे आम्हांला कौतुकही वाटे. निरोपसमारंभात आमच्यापैकी एकाने तिच्यावर सुंदर भाषण केले. जिद्द, प्रकाश, पंख, सगळे त्यात होते. समारंभ संपल्यावर ती शांतपणे म्हणाली, “सर, भाषण छान झालं. पण खालच्या मजल्यावरची खोली दुपारपर्यंत रिकामीच असायची. दोन वर्षं.” त्या खोलीसाठी एक अर्ज पुरला असता. आम्ही तिला अर्थ दिला. वर्ग खाली आणला नाही. ह्या लेखातला जो काही राग आहे तो प्रथम तिथून आला आहे.

ह्यावर दुसऱ्या बाजूचे लोक लगेच म्हणतील की मग हे उपचारांचे चोचले बंदच करा. आधी खुर्ची द्या, पेन्शन द्या, नंतर मनाचे पाहू. हेही आम्हांला मान्य नाही. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान २०२३मध्ये दीड हजार झाले, २०२५मध्ये अपंगांसाठी ते अडीच हजार करण्याचा निर्णय झाला. ह्या रकमेत किती भागते हा प्रश्न वेगळा, पण समजा ती दुप्पट झाली, तरी घरात दिवसभर एकटीने भिंतीकडे पाहत बसलेल्या बाईचे मौन त्याने सुटत नाही. गरिबाला आधी भाकरी आणि मग मन, हा क्रम लावणारे स्वतः कधी तो क्रम पाळताना दिसत नाहीत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने (२०१५–१६) दाखवले की निरनिराळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. बाहेर पडायला दुसऱ्याच्या हाताची वाट पाहावी लागते त्या बाईचा नंबर ह्या रांगेत कुठे असेल, ते कल्पनेनेच ओळखावे. घरात तिच्याभोवती माणसे असतात, पण तिच्यासारखे कोणी नसते. आपल्यासारख्या दुसऱ्या सात जणींमध्ये बसणे ही गोष्टच तिला पहिल्यांदा घडते. म्हणून गट हवा. ह्या पद्धतीतली सर्वांत मोलाची गोष्ट आम्हांला गट हीच वाटते, आराखडा नव्हे.

पण तो आराखडा इथल्या जमिनीवर कसा वागतो ते पाहण्यासारखे आहे. त्यातली एक बैठक वारशाविषयी असते: तुम्हांला काय मिळाले, तुम्ही मागे काय ठेवून जाल. न्यूयॉर्कच्या रुग्णासाठी हा प्रश्न हळवा आहे. खानदेशातल्या शेतकरी घरातल्या अपंग मुलीसाठी तो तलाठ्याच्या दप्तरातला आहे. महाराष्ट्रात १९९४ आणि देशात २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत वाटा मिळाला. आणि त्याबरोबर हक्कसोडपत्राचा रिवाजही फोफावला. धडधाकट बहीण माहेर टिकावे म्हणून सही करते. अपंग बहिणीला तर ‘तुला जन्मभर सांभाळतो’ एवढ्या तोंडी शब्दावर अंगठा द्यावा लागतो, कारण तिला दुसरे घर नसते. अशा बाईला ‘तुम्ही मागे काय ठेवून जाल’ असे विचारणारा समुपदेशक सातबारा काय असतो हे जाणणारा नसेल, तर त्याने तो प्रश्न विचारू नये. दुसरी बैठक ओळखीविषयी: ‘मी कोण?’ ह्या प्रश्नाची उत्तरे लिहायची. जिला गावाने नावाने कधी हाकच मारली नाही, पायावरून किंवा डोळ्यावरून हाक मारली, तिच्यासाठी हा प्रश्न किती खोल जाईल! आणि तो कागदावर लिहून मागायचा? २०११च्या जनगणनेत देशातल्या १ कोटी १८ लाख अपंग स्त्रियांपैकी साक्षर स्त्रिया सुमारे ४५ टक्के होत्या. अपंग पुरुषांत हे प्रमाण ६२ टक्के होते.

मापनाचा प्रश्न ह्याहून अवघड. असल्या उपचारांचा परिणाम ठरवताना ‘आयुष्याचा हेतू’ मोजणाऱ्या प्रश्नावल्या वापरतात; त्यांतली जुनी आणि प्रसिद्ध क्रंबो आणि माहोलिक ह्यांची १९६४ची, वीस विधानांची, प्रत्येकाला एक ते सात गुण. तिचे प्रमाण मराठीत भाषांतर केले तरी शिंदखेड्याच्या किंवा पारोळ्याच्या बाईच्या मनाची भाषा अहिराणी आहे, यावल-रावेरकडे लेवा गणबोली आहे. (बहिणाबाईंची बोली अहिराणी नव्हे, हे साहित्याच्या प्राध्यापकांनाही पुन्हापुन्हा सांगावे लागते.) ‘माझे जीवन उद्दिष्टपूर्ण आहे’ ह्या वाक्याला ती चार गुण देईल, कारण समोरची ताई चांगली आहे आणि चहा झालेला आहे. उपचारानंतर पाच देईल, कारण ताईने आठ आठवडे कष्ट घेतले. त्या एका गुणावर प्रबंध उभा राहील. ‘तुला काय शे?’ एवढे तिच्या बोलीत विचारून अर्धा तास गप्प बसणारा संशोधक आम्हांला ह्या आकड्यांपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो.

धुळ्याला ह्या विषयात जगाकडून शिकण्याइतकेच जगाला सांगण्यासारखेही आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार विनोबांनी सहबंद्यांसमोर गीतेवर प्रवचने दिली, आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. कोंडलेल्या माणसांनी ठरावीक वारी एकत्र बसून जगण्याचा अर्थ शोधणे, हे न्यूयॉर्कच्या आराखड्याच्या कितीतरी आधी आमच्या इथे घडले आहे. ह्या तुलनेची मर्यादा आम्ही जाणतो. ते सत्याग्रही होते. आपण आत का आहोत हे त्यांना ठाऊक होते, आणि ते आपखुषीने आत गेले होते. अपंग स्त्रीने आपले घर तुरुंग म्हणून निवडलेले नसते. पण एक गोष्ट तिथून घेण्यासारखी आहे. बोलणारा स्वतः कैदी होता, लिहिणाराही कैदी होता. तुरुंगाबाहेरून रविवारी येऊन कैद्यांना वृत्ती शिकवणारा कोणी पाहुणा तिथे नव्हता.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ह्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन वाचणाऱ्यांना ह्याचेच दुसरे रूप आठवेल. ऐन तारुण्यात कमरेखालचे शरीर निकामी झालेल्या ह्या बाईला उभारी दिली ती स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेल्या बाबूकाका दिवाण ह्यांनी. पुढे १९८४मध्ये त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. दिल्लीच्या अनिता घई स्वतः मानसशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, स्वतः पोलिओग्रस्त होत्या, आणि अपंग स्त्रीच्या प्रश्नावर भारतात ज्यांनी सर्वांत आधी आणि सर्वांत परखडपणे लिहिले त्यांपैकी एक. अपंग स्त्रीला जगाने फक्त ऐकायला बसवायचे, हे त्यांच्या लेखनानंतर तरी चालू नये. गट चालवणारी बाई अपंग असावी ही आमची मागणी भावनेची नाही. सुपात खडा कुठला हे जिच्या दाताखाली तो आला तिलाच कळते.

जयपूर फूट कसा झाला ते ह्या संदर्भात मुद्दाम सांगावेसे वाटते. परदेशी कृत्रिम पाऊल बुटात घालायचे होते. ते घालून उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, शेतातल्या चिखलात जाता येत नसे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपुरात रामचंद्र शर्मा हा कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी ह्यांनी अनवाणी चालणारे, बसणारे, शेतात उतरणारे पाऊल घडवले. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला; कारागिराचे नाव मागे पडले, हा आमच्याकडचा नेहमीचा भाग. अर्थकेंद्री समूहोपचार अजून त्या बुटातल्या पावलासारखा आहे. तो फेकून द्यावा असे आम्ही म्हणत नाही. तो खानदेशात यावा, आणि इथे येऊन जमिनीवर बसायला शिकावा. बैठक तळमजल्यावर किंवा गावातल्या मंदिराच्या ओसरीवर व्हावी, बोली तिची असावी, पहिल्या दोन-तीन बैठका नुसत्या निवडण्याच्या असाव्यात. त्यांत टळण्याजोगे म्हणून जे निघेल त्याचा अर्ज त्याच दिवशी लिहिला जावा आणि पुढच्या बैठकीत त्याचे काय झाले हे सर्वांसमोर सांगितले जावे. उरलेल्या, खरोखर न टळणाऱ्या दुःखाशी मग त्या बायांनी हवे ते करावे. रडावे, गावे, देवाला शिव्या घालाव्यात. त्याला अर्थ आहे की नाही हेही त्यांनीच ठरवावे; आणि ‘नाही’ असे उत्तर आले तर तो उपचाराचा पराभव म्हणून नोंदवू नये.

साहित्याच्या विभागांना ह्यात काम आहे. आमच्याकडे गोष्ट ऐकून घेण्याचे शिक्षण असते, किंवा असायला हवे. आठ बायांचे बोलणे त्यांच्याच बोलीत, त्यांच्या संमतीने, न सुधारता उतरवून घेणे हे सोपानदेवांनी आईसाठी केले त्याच जातीचे काम आहे. ओंकारचे कोणी केले नाही.

आमचा विभाग अजून पहिल्या मजल्यावर आहे. येत्या जूनपासून एम.ए.चे वर्ग खालच्या खोलीत घेण्यासाठीचा अर्ज आम्ही दिला आहे. तो सध्या बांधकाम समितीकडे आहे.